पाकिटावरची राणी

मंजिरीचा फोन आला तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मंजिरी म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. आयर्लंडमध्ये कॉर्क नावाच्या गावी नर्स आहे. एरवी ती हसतखेळत बोलते, पण त्या संध्याकाळी तिचा आवाजच वेगळा होता.

"वहिनी, आत्या कशी आहे? खरं सांग."

"मजेत आहेत. काहून?"

"जेवते ना?"

"आत्ताच दोन भाकरी आणि सोलेवांग्याची भाजी खाऊन बसल्यात. झालं काय पण?"

ती फोटो पाठवते म्हणाली आणि फोन ठेवला. मिनिटभरानं फोटो आला. तिच्या घराच्या दारातून आत टाकलेलं, महिनाभर टपालाच्या ढिगात पडून राहिलेलं एक पाकीट होतं. तिकडे नाताळच्या आधी गरिबांसाठी मदत मागणारी अशी पाकिटं घरोघरी येतात. त्या पाकिटावर आमच्या आई होत्या. शेणानं सारवलेल्या उंबऱ्यावर बसलेल्या, विटकं लुगडं नेसलेल्या, कपाळावर चिखल, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, "राणीनं आज काहीच खाल्लेलं नाही." त्याच्या खाली बारीक अक्षरांत, "या जगात तिचं कुणीही नाही."

मी ते दोनदा वाचलं. कुणीही नाही म्हणे! मी अपर्णा, तिची सून, नवा रायपूरला सरकारी महामंडळात नोकरी करून दोन वेळचा स्वयंपाक करते ते कुणासाठी?

आईंनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि आधी खो खो हसल्या. मग खालची ओळ वाचली आणि हसू थांबलं.

"हे तर बिसाहिनचं घर आहे," त्या म्हणाल्या. "अन मले राणी काहून केलं यायनं?"

बिसाहिन आमच्या रायपूरच्या बूढापाऱ्यात भाजी विकते. अभनपूरकडच्या एका खेड्यातून रोज पहाटे टोपली घेऊन येते. आई पोस्टात काउंटरवर होत्या तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, तिच्याकडूनच भाजी घेतात. दोघी एकमेकींना दीदी म्हणतात. भाद्रपदात बिसाहिनला नात झाली, तिच्या छठीला, म्हणजे सहाव्या दिवसाच्या समारंभाला, आई तिच्या गावी गेल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पंधराच दिवस झाले होते, डोळ्यांना सारखं पाणी येत होतं. मी नको म्हटलं होतं, पण ऐकतील तर त्या गोदावरी वैरागडे कसल्या. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना पाय घसरून त्या चिखलात पडल्या. बिसाहिननं आपलं जुनं लुगडं नेसायला दिलं आणि आईंची साडी वाळत घातली. त्याच दिवशी गावात एका संस्थेची माणसं आली होती. परदेशातून मदत आणून ही संस्था खेड्यांमध्ये पाण्याची कामं करते. त्यांच्यासोबतच्या दिल्लीच्या फोटोवाल्यानं आईंना विचारलं, "माँजी, आज खाना खाया?"

"नहीं बेटा, आज तो कुछ नहीं."

"फिर कब खाएँगी?"

"चाँद निकलेगा तब."

त्या दिवशी संकष्टी होती. पण त्या पोराला संकष्टी काय माहीत! चंद्र उगवेपर्यंत उपाशी बसणारी म्हातारी ऐकून त्यानं लगेच कॅमेरा उचलला असणार.

फोटो आमच्या घरात राहिला असता तर एक वेळ ठीक होतं. मंजिरीनं काळजीपोटी तो आपल्या वडिलांना पाठवला, त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो नागपूर, अकोला, वर्धा फिरून आला. अकोल्याच्या नणंदबाईंनी तर शिरीषला, माझ्या नवऱ्याला, सरळ विचारलं, "आईले माझ्याकडे पाठवून देतो काय?" शिरीष हसत म्हणाला, "अरे यार, वो तो व्रत था." मला मात्र हसू येईना. शेवटी मीच म्हटलं, "आई, उद्या त्या संस्थेत जाऊ. मी रजा टाकते."

"चाल," आई म्हणाल्या. "मलेबी विचारायचंच आहे."

संस्थेचं ऑफिस एका कॉलनीतल्या बंगल्यात होतं. पत्रव्यवहार आणि प्रसिद्धी बघणारा विराज नावाचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आम्हाला भेटला. मूळचा यवतमाळचा. त्यानं मान वर करून आईंकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

"राणी..." त्याच्या तोंडून निघून गेलं.

"गोदावरी शालिग्राम वैरागडे," आई खुर्चीत बसत म्हणाल्या. "पोस्टातून निवृत्त. पेन्शन आहे, दात आहेत, अन ही सून आहे."

विराजचे कान लाल झाले. त्यानं पाणी मागवलं, मग चहा, मग कपाटातून एक कागद काढून भीत भीत समोर ठेवला. फोटो वापरायला परवानगी असल्याचा तो कागद होता, आणि खाली आईंची वळणदार इंग्रजी सही होती.

आईंनी कागद जवळ ओढला. "सही माझीच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "चष्मा साडीसंगं राहिला होता. म्हटलं, हजेरी असंल पाहुण्यांची. तीस वर्षं लोकांले सांगत होती मी, वाचल्याबिगर सही करू नका म्हणून."

"काकू, आमच्याकडून मुद्दाम कुणी खोटं नाही केलं," विराज म्हणाला. "फोटो दिल्लीच्या माणसानं काढला, मजकूर तिकडच्या ऑफिसनं लिहिला. नाव तर नेहमीच बदलतात, बाईची ओळख उघड होऊ नये म्हणून. आणि जेवल्या नाही असं तुम्हीच..."

"ते खरं आहे. पण जगात कोणी नाही, हे कोणी सांगितलं?"

"ते तिकडे घातलं, काकू. घरदार असलेल्या बाईला लोक मदत नाही करत."

आईंनी बाकीचे फोटो बघायला मागितले. कॉम्प्युटरवर एकामागून एक फोटो सरकू लागले आणि मध्येच बिसाहिन आली. छठीची नवी केशरी साडी, गळ्यात नाण्यांची रुपया माळ, आणि तोंडभर हसू. पुढच्या फोटोतही तेच. पाचही फोटोंत तेच.

"हिचा काहून नाही घेतला? पाणी तर हिलेच नाही."

"ती हसली," विराज म्हणाला. "फोटोवाला सारखा सांगत होता, जरा गंभीर व्हा. ती अजूनच हसली."

मी म्हटलं, "म्हणजे जी खरी गरजवंत ती बाद, आणि आमच्या आई पास?"

"वहिनी, तुम्हाला राग येईल, पण खरं सांगतो. मागच्या वर्षी आम्ही हसऱ्या बाया पाठवल्या होत्या. लोकांनी पाकिटं उघडलीसुद्धा नाहीत. या वर्षी काकूंच्या फोटोला जेवढी उत्तरं आली, तेवढी मी इथे लागल्यापासून कधीच नाही आली. त्यातून चार गावांत बोअर होणार आहेत. बिसाहिनच्या गावात पुढच्या महिन्यात काम सुरू होतंय. आता तुम्ही सांगा, मी काय करू?"

मी भांडायच्या तयारीनं आले होते. आता तो न शिवलेला चहा उचलला. कोपऱ्यात एक खोकं होतं, त्यात परदेशी तिकिटांची पाकिटं दिसत होती. आईंचा हात आपसूक तिकडे गेला.

"हे लोकांनी राणीसाठी पाठवलेली पत्रं," विराज म्हणाला. "काही जण पैशांसोबत चार ओळी लिहितात."

आई पत्रं वाचत बसल्या. एकानं राणीसाठी घोंगडी पाठवू का विचारलं होतं. एका बाईनं देवाला खडसावलं होतं. एकानं राणीच्या सरकारला खडसावलं होतं. मग निळ्या शाईतलं एक पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. नोरीन नावाच्या एका म्हातारीचं होतं. तिनं लिहिलं होतं, "प्रिय राणी, मीही एकटी राहते. एका माणसासाठी रांधायचा कंटाळा येतो, म्हणून पुष्कळदा मीही एकदाच खाते. हल्ली ताट वाढून घेताना तुझी आठवण येते."

"हिले मी उत्तर लिहिणार," आई म्हणाल्या. "माझ्या नावानं."

विराज घाबरला. आतल्या खोलीतल्या साहेबांना विचारून आला आणि नाही म्हणाला. लोकांचा विश्वास उडेल, पुढच्या वर्षी कुणी काही देणार नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं.

आईंनी तो परवानगीचा कागद पुन्हा जवळ ओढला. या वेळी चष्मा नाकावर होता. एकेक ओळीवर बोट ठेवत त्या सावकाश खाली आल्या आणि थांबल्या. "सातवा मुद्दा. सही करणारी व्यक्ती आपली परवानगी केव्हाही मागे घेऊ शकते. असंच आहे ना?"

विराजनं वाकून पाहिलं. त्यानंही तो मुद्दा कधी वाचला नसावा.

"मग तुमच्या साहेबांले सांगा, माझं पत्र जाऊ द्या अन पुढच्या वेळी बिसाहिनले विचारून, तिच्या नावानं, तिच्या शब्दांत छापा. नाहीतर मी सातवा मुद्दा काढते."

विराज पुन्हा आत गेला. दार बंद होतं, पण साहेबांचा आवाज ऐकू येत होता, मग तो हळूहळू खाली येत गेला. विराज बाहेर आला तेव्हा हसू लपवत होता. "जाऊ द्या म्हणाले."

पत्र आईंनी रविवारी सकाळी लिहिलं, पोस्टातल्या जुन्या सरकारी इंग्रजीत. "मी राणी नाही," असं पहिलंच वाक्य होतं. "त्या दिवशी मी उपाशी होते हे खरं, पण ते गणपतीसाठी. रात्री चंद्र बघून मी पोटभर जेवले. नातीच्या छठीला ज्या बिसाहिनच्या दारात मी बसले होते, तिच्या गावात उन्हाळ्यात पाणी नसतं, आणि तुमचे पैसे तिथेच जाणार आहेत. पण तुमची माया चुकीच्या पत्त्यावर आली, ती ठेवून घेणं मला बरं वाटेना. तुम्ही एकट्या जेवता हे वाचून मात्र मला खरोखर वाईट वाटलं." शेवटी त्यांनी आमच्या घरी कोण कोण जेवायला असतं ते नावांनिशी लिहिलं. माझं नाव सर्वांत वर होतं.

बिसाहिनला फोटो दाखवायला आम्ही दोघी बूढापाऱ्यात गेलो. ती चेच नावाच्या पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. हात पुसून तिनं फोन घेतला, नीट पाहिला आणि भडकली.

"घर मोर, लुगरा मोर, अउ फोटो दीदी के!"

घर माझं, लुगडं माझं, आणि फोटो मात्र दीदीचा, असं तिचं म्हणणं. आईंनी तिला सगळं समजावलं. रडका चेहरा हवा होता म्हणून तिचा फोटो घेतला नाही, हे ऐकून ती आणखी चिडली. "मोला बताय रहितिस त महूँ रो देतेंव!" मला सांगितलं असतं तर मीसुद्धा रडले असते, असं ती म्हणत होती. पाण्यासाठी एवढं चालतो आम्ही, तर घटकाभर रडायला काय जातं? पण तो पोरगा कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटून असा वाकडा उभा होता की हसूच आवरेना. दोघी टोपलीशी बसून इतक्या हसल्या की शेजारची मिरचीवाली उठून बघायला आली.

नोरीनबाईंचं उत्तर जानेवारीच्या अखेरीस आलं. आईंनी ते आम्हा सगळ्यांना बसवून वाचलं. "तुझं पत्र वाचून मी हसले, चहा गार झाला तरी हसत होते," तिनं लिहिलं होतं. "मग मला राग आला. तुझा नाही, त्या पाकीटवाल्यांचा थोडा आणि माझा जास्त. कारण त्यावर जेवलेली, हसरी बाई असती तर मी पाकीट केराच्या डब्यात टाकलं असतं. आतापर्यंत कितीतरी टाकली आहेत. पैसे बिसाहिनकडेच राहू देत. मला फक्त सांग, त्या छठीला जेवायला काय होतं?" त्या दिवसापासून दोघींची पत्रं सुरू झाली ती अजून चालू आहेत.

फेब्रुवारीत बिसाहिनच्या गावात बोअरला पाणी लागलं. त्याच महिन्यात बिसाहिनचा हसरा फोटो नव्या पाकिटावर गेला. मजकूर तिनं सांगितला आणि आईंनी इंग्रजीत केला, "माझ्या गावात पाणी आलं. शेजारच्या गावात द्या. बाकीचं आम्ही पाहून घेऊ." फोटो सुरेख होता. मला वाटलं होतं, लोक तुटून पडतील.

मार्चमध्ये विराज घरी आला. आईंनी त्याच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली तरी तो चमचा उचलेना. "राणीच्या निम्मीही उत्तरं नाही आली, काकू. शेजारच्या गावाचा बोअर पुढच्या वर्षावर गेला."

आई उठून गॅलरीत गेल्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, "त्या गावातल्या बायांनी यंदाच्या उन्हाळ्यात काय करायचं? माझा खरेपणा उकळून प्यायचा काय?"

"मग पुन्हा राणी व्हायचं म्हणता?"

"नाही. पण मी इथं बसून ठरवणारी कोण? त्यायले तरी कोणी विचारलं काय?"

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आई, मी, विराज आणि बिसाहिन असे चौघं त्या गावात गेलो. वडाखाली पंधरा-वीस बाया जमल्या. विराजनं दोन्ही पाकिटं पुढे ठेवली आणि न लपवता सगळं सांगितलं. रडक्या फोटोला पैसे येतात, हसऱ्याला येत नाहीत, तुमचा कसा काढू?

बायांनी पाकिटं हातोहात फिरवली. एक म्हणाली, मी रडते, पण माझी सासरची माणसं बघतील. दुसरी म्हणाली, माझा काढा, पण मोटारसायकलसोबत. मग रमशीला नावाची एक उंच, काळीसावळी बाई उठली. तिनं विराजला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हमर काबर? एकरे फोटो खींचव," ती म्हणाली. आमचा कशाला, याचाच काढा! "इसको हंडा दो, नहर के पार भेजो. रोना अपने आप आएगा."

सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "हव! हव!" कुणीतरी विराजच्या डोक्यावर चुंबळ ठेवलीसुद्धा. त्यानं आईंकडे आशेनं पाहिलं. "जा बाप्पा," आई म्हणाल्या, "विचारायले आला होता ना?"

कॅनॉलपलीकडची विहीर दीड किलोमीटरवर होती. जाताना तो मजेत गेला. येताना मात्र भरलेला हंडा डोक्यावर ठरेना. दोन्ही हातांनी धरला तर चालता येईना, एक हात सोडला तर पाणी मानेवरून आत. पुढे दोन दोन हंडे घेऊन रमशीला आणि तिची सून गप्पा मारत चालल्या होत्या. मी बाजूनं चालत, हसत हसत त्याच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढत होते. वडाखाली पोचेपर्यंत हंड्यात अर्धंच पाणी उरलं होतं. विराज मातीत फतकल मारून बसला. रमशीलानं त्याच्या हंड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यात भातसुद्धा शिजणार नाही. परत जा."

तिथेच वडाखाली फोटो निवडला गेला. विराज भिजून चिंब, तोंड वेडंवाकडं, मान आखडलेली, आणि पुढे ताठ चालणाऱ्या दोघी मागे वळून त्याला हसतायत. मजकुरावर तासभर वाद झाला. शेवटी रमशीलाचं ठरलं, "हा साहेब एकदा गेला. आम्ही रोज चार वेळा जातो." खाली सगळ्यांची खरी नावं. आईंनी परवानगीचा कागद सातव्या मुद्द्यासकट मोठ्यानं वाचला आणि मगच सह्या, अंगठे घेतले.

तिकडच्या ऑफिसला हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी घाबरत घाबरत थोडीच पाकिटं छापली. काही लोकांनी रागावून लिहिलं, की हा काय गरिबीचा खेळ मांडलाय. पण बाकीच्यांनी प्रश्न विचारले. विहीर कुणाची? सरकार काय करतं? हंड्याचं वजन किती? एका शाळेच्या मास्तरांनी तेवढ्या वजनाची बादली घेऊन मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि त्याचं वर्णन पाठवलं. नोरीनबाईंनी आपल्या चर्चच्या हॉलमध्ये तो फोटो लावला. ऑफिसला पुन्हा छापावं लागलं. राणीइतकी उत्तरं याही वेळी आली नाहीत, हे सांगायला हवं. पण बोअरपुरती आली.

मे संपता संपता मशीन गावात आलं. दुपारभर धूळच उडत होती, मग राखाडी चिखल, आणि चारच्या सुमाराला अचानक पाणी उंच उसळलं. बाया, पोरं, म्हातारे, मशीनवाले सगळे त्यात घुसले. रमशीलानं विराजला दंडाला धरून आत ओढलं, बिसाहिननं आईंना. मी चपला काढून कडेला ठेवल्या आणि आपणहून गेले. फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. ते काम विराजनं दुसऱ्या दिवशी पुन्हा गावात जाऊन केलं, कोरड्या शर्टात.